निर्दोष ठरल्यावरची हुज्जत

इंग्लंडमध्ये हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो या छोट्या गावात जो हॅमिल्टन यांचं दुकान होतं आणि त्याच दुकानात पोस्टाचं काउंटर. एकदा हिशेब दोन हजार पौंडांनी कमी भरला. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, पलीकडचा माणूस सांगेल तशी बटणं दाबत गेल्या, आणि डोळ्यांदेखत पडद्यावरची तूट दुप्पट झाली. दोनाचे चार हजार. पुढे हा आकडा ३६ हजारांवर गेला. पैसे भरण्यासाठी घरावर पुन्हा कर्ज काढावं लागलं. शेवटी चोरीचा आरोप मागे घेतला जावा म्हणून त्यांनी खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. न केलेला.

ही शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. २३ एप्रिल २०२१ रोजी लंडनच्या अपील न्यायालयाने एकाच निकालात हॅमिल्टन यांच्यासह ३९ सब-पोस्टमास्टरांच्या शिक्षा रद्द केल्या. वर्तमानपत्रांत कोर्टाबाहेर टाळ्या वाजवणाऱ्या, मिठ्या मारणाऱ्या माणसांचे फोटो आले. बहुतेकांना वाटलं, झालं, सुटले बिचारे, आता पैसेही मिळतील.

पण शिक्षा रद्द करणारा निकाल फक्त शिक्षा रद्द करतो. भरपाईचा आकडा त्यात नसतो. 'हा माणूस गुन्हेगार नाही' एवढं सांगून न्यायाधीश उठून जातात. पैशांची गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि ती बहुतांशी कोर्टात नाही, पत्रव्यवहारात घडते. एका बाजूला दावेदाराचे वकील, दुसऱ्या बाजूला सरकारी अधिकारी आणि त्यांनी नेमलेले वकील. मधे रिकामं टेबल. त्या टेबलावर काय चालतं, ते समजून घेण्यासाठी हा लेख.

मागची गोष्ट थोडक्यात. १९९९ पासून ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसवली गेली. ती फुजित्सू या कंपनीची. तिच्यात दोष होते आणि नसलेली तूट ती दाखवायची. सब-पोस्टमास्टर हे पोस्टाचे पगारी नोकर नव्हेत. ते करारावर काउंटर चालवणारे लहान दुकानदार, आणि तूट त्यांनी स्वतःच्या खिशातून भरावी असा कराराचा अर्थ पोस्ट ऑफिस लावत असे. त्यात इंग्लंडमध्ये पोस्ट ऑफिस स्वतःच फौजदारी खटला भरू शकत होतं. म्हणजे तक्रारदार तेच, तपास करणारे तेच, खटला चालवणारेही तेच. भरीला, संगणकाचा पुरावा मांडण्याआधी तो संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची अट कायद्यातून नेमकी त्याच सुमारास उठवली गेली होती. चुकीचं आहे म्हणणाऱ्याने ते दाखवावं, असा उलटा फेरा. अशा रीतीने देशभरात ९०० हून अधिक माणसं गुन्हेगार ठरली.

सीमा मिश्रा त्यांतल्याच एक. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट त्या चालवत. ७४ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना १५ महिन्यांची कैद झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. हे एवढं लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

आता पैशांकडे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण कुठल्या अनुभवातून आली असेल, ते पहिल्याच तडजोडीत दिसतं. अ‍ॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ सब-पोस्टमास्टरांनी पोस्ट ऑफिसवर दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. ऐकायला दणदणीत. पण वकिलांची फी आणि दाव्याला पैसा पुरवणाऱ्या गुंतवणूकदारांचा वाटा मिळून सुमारे ४ कोटी ६० लाख गेले. उरलेले वाटले तर माणशी वीसेक हजार. ज्यांनी घरं विकली, त्यांच्या हाती जुन्या मोटारीएवढे पैसे आले. वकिलांनी लुटलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. पोस्ट ऑफिसने तो दावा शेवटच्या इंचापर्यंत लढवला, म्हणून खर्च तेवढा झाला. अन्यायग्रस्ताच्या वकिलाची फी कोण देणार हा प्रश्न भरपाईच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, हे सरकारच्या लक्षात यायला हे उदाहरण उपयोगी पडलं.

शिक्षा झालेल्यांचे खोट्या खटल्याबद्दलचे दावे मात्र या तडजोडीबाहेर राखून ठेवलेले होते. त्यामुळे २०२१ मध्ये शिक्षा रद्द झाल्यावर तो हिशेब नव्याने सुरू झाला.

तो कोणाशी? कागदोपत्री पोस्ट ऑफिसशी. पण पोस्ट ऑफिसची सगळी मालकी सरकारची, आणि एवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. ते येणार होते अर्थखात्याकडून, व्यापार खात्यामार्फत. म्हणजे दावेदाराचा वकील पोस्टाच्या वकिलाला पत्र लिहिणार, तो पोस्टाला विचारणार, पोस्ट विचारणार व्यापार खात्यातल्या अधिकाऱ्यांना, आणि अधिकाऱ्यांच्या पाठीशी अर्थखात्याचे नियम. सार्वजनिक पैसा कसा खर्चावा याचं ब्रिटिश सरकारचं एक नियमपुस्तक आहे आणि प्रत्येक खात्याचा सर्वोच्च अधिकारी त्या खर्चाला व्यक्तिशः जबाबदार असतो. संसदेची समिती त्याला बोलावून हिशेब विचारू शकते. ही चांगलीच व्यवस्था आहे. फक्त तिचा एक परिणाम असा, की दहा हजार जास्त गेले तर कोणीतरी जाब विचारतं आणि दहा महिने जास्त लागले तर बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. माझ्या मते भरपाईला लागलेल्या उशिराचं निम्मं उत्तर कोणाच्या दुष्टपणात नाही, इथे आहे.

आता प्रत्यक्ष दावा कसा दिसतो ते पाहू. कायद्याचं तत्त्व सोपं आहे: चूक घडली नसती तर माणूस आज जिथे असता, पैशाने शक्य असेल तितकं त्याला तिथे नेऊन ठेवायचं. त्यासाठी वकील नुकसानीचे दोन ढीग करतात. एक मोजता येणारं नुकसान: स्वतःच्या खिशातून भरलेली तूट, बुडालेलं उत्पन्न, पडत्या भावात विकलेलं दुकान, दिवाळखोरी, जुन्या खटल्याचा खर्च. दुसरं न मोजता येणारं: तुरुंगवास, बदनामी, मानसिक आजार, मोडलेला संसार.

समजा एक बाई आहे. दुकान आणि पोस्ट मिळून चालवायची, २००५ मध्ये शिक्षा झाली, २०२१ मध्ये ती रद्द झाली. तिचा वकील लिहितो: माझी अशील साठाव्या वर्षापर्यंत हा धंदा चालवणार होती, तेव्हा तेवढ्या वर्षांचं उत्पन्न द्या. पलीकडून उत्तर येतं, अगदी सभ्य भाषेत: साठाव्या वर्षापर्यंत चालवणार होती याला आधार काय? गावात पुढे मोठं दुकान आलं असतं तर? शिक्षेनंतर तिने दुसरी नोकरी शोधायचा प्रयत्न केला का? केला असल्यास अर्जांच्या प्रती जोडाव्यात. दुकानाचे २००१ ते २००४ चे ताळेबंद जोडावेत. नैराश्याचं कारण खटलाच होता की घटस्फोट, याबद्दल मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल जोडावा.

ताळेबंद कुठून आणणार? कित्येकांचे कागद तपासाला आलेल्या माणसांनी नेले, काहींचे घर विकताना गेले, आणि वीस वर्षांपूर्वीच्या वह्या जपून ठेवतो कोण? नोकरीच्या अर्जांचं तर काय सांगावं. चोरीची शिक्षा झालेल्या बाईला गल्ल्यावर कोण बसवणार होतं? घटस्फोटाचं म्हणाल, तर तो खटल्यामुळेच झाला असं ती म्हणते, पण घटस्फोटाच्या कागदावर तसं लिहिलेलं नसतं. आपल्या कचेऱ्यांच्या भाषेत याला त्रुटी काढणं म्हणतात. प्रत्येक त्रुटी एकेकटी वाचली तर वाजवी वाटते. सगळ्या मिळून वाचल्या तर त्या बाईला पुन्हा एकदा पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं. पहिल्या खटल्यात तिला सिद्ध करता आलं नाही की पैसे गेलेच नव्हते. आता तिने सिद्ध करायचं की तिचं आयुष्य गेलं.

अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसूनही हे पाहायला हवं. त्याच्यासमोर शेकडो फाइली आहेत. सारख्या नुकसानीला सारखी रक्कम मिळाली पाहिजे, नाहीतर ज्याचा वकील तिखट त्याला जास्त, असं व्हायचं. विचारणा न करता दिलेला पैसा उद्या लेखापरीक्षणात निघेल. म्हणून तो स्वतःच्या वकिलांना विचारतो. आणि वकिलाला विचारलं की वकील वकिलासारखंच उत्तर देतो: धोका कुठे आहे, कमीत कमी किती देऊन भागेल, कोणता मुद्दा कोर्टात टिकणार नाही. भरपाई देण्याची इच्छा असलेली यंत्रणा अशी हळूहळू बचाव पक्षासारखी वागू लागते. कोणी तसं ठरवलेलं नसताना.

ही कोंडी फोडायला तीन गोष्टी केल्या गेल्या. पहिली, अंतरिम रक्कम. जुलै २०२१ मध्ये शिक्षा रद्द झालेल्यांना अंतिम हिशेब होण्याआधीच एक लाख पौंडांपर्यंत देण्याचं ठरलं. ही रक्कम पुढे वाढत गेली आणि २०२४ मध्ये पूर्ण दावा दाखल करणाऱ्यांसाठी साडेचार लाखांपर्यंत पोचली. अंतरिम रकमेचा खरा उपयोग पैशापेक्षा घासाघिशीत होतो. उपाशी माणूस पहिलाच आकडा घेऊन मोकळा होतो. घरात काही असलं की तो थांबू शकतो, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

दुसरी, तटस्थ माणूस. लॉर्ड डायसन हे निवृत्त ज्येष्ठ न्यायाधीश. त्यांच्याकडे २०२२ मध्ये काही नमुना प्रकरणं सोपवली गेली. तुरुंगवास, बदनामी, मनस्ताप यांची किंमत कशी ठरवायची, याबद्दल त्यांनी दिलेला अंदाज मग बाकीच्यांनाही मोजपट्टी म्हणून वापरता आला. दोन्हीकडच्या वकिलांनी एकमेकांना शंभर पत्रं लिहिण्यापेक्षा एका अनुभवी माणसाचं मत घ्यावं, हा या सगळ्या प्रकरणातला मला वाटतं सर्वांत शहाणपणाचा निर्णय.

तिसरी गोष्ट सर्वांत गाजलेली: ठोक रक्कम. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं की शिक्षा रद्द झालेल्या कोणालाही, काहीही सिद्ध न करता, ६ लाख पौंड मिळतील. आधी मिळालेले पैसे त्यातून वजा. कागद नकोत, तज्ज्ञ नकोत. सही करा, विषय संपला.

'विषय संपला' हे शब्द इथे शब्दशः घ्यायचे. ६ लाख घेतले की वाढीव काही मागता येत नाही. ज्याला तुरुंगवास झाला नाही आणि ज्याचा धंदाही लहान होता, त्याला ही रक्कम कदाचित तपशीलवार हिशेबापेक्षा जास्तच. ज्याची दोन दुकानं, घर, पेन्शन, सगळं गेलं त्याला अपुरी. पण त्याचं वय ७५ असेल तर? तपशीलवार दाव्याला लागणारी वर्षं त्याच्यापाशी आहेत का? प्रामाणिक वकील इथे दोन आकडे लिहून दाखवतो: आज हातात येणारे, आणि लढून मिळू शकणारे. तिसरा आकडा, म्हणजे किती वर्षांनी, तो त्याला सांगता येत नाही, कारण तो समोरच्या फाइलींच्या गठ्ठ्यावर अवलंबून. ठोक रकमेने सरकारचाही फायदा होतो हे विसरू नये. दोन्हीकडच्या वकिलांचा खर्च वाचतो, आणि भला मोठा दावा आधीच मिटतो. उदारपणा आणि हिशेबीपणा एकाच पाकिटात.

मुदतींची एक गंमत सांगायला हवी. त्या ५५५ जणांपैकी शिक्षा न झालेल्यांसाठी व्यापार खात्याने वेगळी योजना काढली. तिथे पूर्ण दावा मिळाल्यापासून ४० कामाच्या दिवसांत ९० टक्के लोकांना प्रस्ताव देऊ, असं उद्दिष्ट जाहीर झालं. 'पूर्ण' हा शब्द पाहा. घड्याळ सुरू व्हायचं ते फाइल पूर्ण झाल्यावर, आणि फाइल पूर्ण आहे की नाही हे ठरवणार अर्थात पलीकडची बाजू. शिवाय प्रस्ताव देणं म्हणजे पैसे देणं नव्हे. बेट्स यांना स्वतःला जानेवारी २०२४ मध्ये आलेला पहिला प्रस्ताव त्यांच्या मागणीच्या सुमारे एक षष्ठांश होता. मुदत पाळली गेल्याची नोंद अशा प्रस्तावानेही होते. खासदारांच्या समितीने म्हणूनच सुचवलं की मुदती कायद्याने बांधा आणि चुकल्या तर दंड लावा. सरकारने आकडे जाहीर करायचं मान्य केलं, बेड्या घालून घ्यायचं नाही.

उशीर मुद्दाम केला गेला का, यावर २०२४ च्या सुरुवातीला मोठा गदारोळ झाला. पोस्ट ऑफिसचे पदावरून दूर केलेले अध्यक्ष हेन्री स्टॉन्टन म्हणाले की निवडणुकीपर्यंत भरपाई संथ ठेवा असं एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सुचवलं होतं. मंत्री केमी बेडनॉक यांनी संसदेत ते साफ फेटाळलं. वाद तिथेच राहिला. पण मुद्दाम उशीर करायची गरज पडावी, इतकी ती यंत्रणा वेगवान कधी होती, असा प्रश्न ते वाचताना पडतो.

त्याच जानेवारीत टीव्हीवर या प्रकरणावरची मालिका दाखवली गेली आणि देश खवळला. वीस वर्षं जे वकिलांच्या पत्रांनी झालं नाही ते चार रात्रींत झालं. मे २०२४ मध्ये संसदेने थेट कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. स्कॉटलंडने आपला स्वतंत्र कायदा केला. अपिलाला एकेकट्याने जायची गरज उरली नाही. काही मात्र बाहेर राहिले: अपील न्यायालयाने ज्यांचं अपील आधीच फेटाळलं होतं ते, आणि ज्यांच्यावरचा खटला पोस्टाने नव्हे तर समाजकल्याणाच्या पैशांचा कारभार पाहणाऱ्या खात्याने भरला होता ते.

या कायद्याने सुटलेल्यांसाठीची योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, आणि ती सुरुवातीपासून खात्यानेच चालवली. त्यात आधी आपण तो गुन्हा केला नाही अशा निवेदनावर सही करायची. मग २ लाख पौंड प्राथमिक रक्कम, आणि पुढे दोन रस्ते: एकूण ६ लाख किंवा तपशीलवार हिशेब. वकिलाचा वाजवी खर्च सरकारकडून, ठरलेल्या दराने. २०२५ मध्ये आधीच्या ३९ जणांसारख्यांची योजनाही पोस्टाकडून काढून खात्याकडे आली. ज्याने खटला भरला त्याच्याच दारात भरपाई मागायला जावं लागू नये, ही साधी गोष्ट अंमलात यायला चार वर्षं गेली.

जून २०२५ पर्यंत सगळ्या योजना मिळून १०० कोटी पौंडांहून अधिक वाटप झालं होतं. हे आकडे पाहून वाटेल की ब्रिटनमध्ये शिक्षा रद्द झाली की पैसे मिळतातच. तसं नाही. होरायझनवाल्यांना मिळाली ती खास वाट. इतरांसाठी भरपाईचा १९८८ चा कायदा आहे, आणि २०१४ मध्ये तो इतका आवळला गेला की शिक्षा रद्द होणं पुरेसं नाही. आपण तो गुन्हा केलाच नाही हे अर्जदाराला वाजवी संशयापलीकडे दाखवावं लागतं. फौजदारी खटल्यात हे ओझं सरकारवर असतं, इथे ते सुटलेल्या माणसावर. सॅम हॅलम सात वर्षं आणि व्हिक्टर नीलन सतरा वर्षं तुरुंगात होते. दोघांच्याही शिक्षा रद्द झाल्या आणि दोघांनाही या अटीमुळे छदाम मिळाला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि जून २०२४ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती अट वैध ठरवली.

अँड्र्यू माल्किन्सन यांनाही न केलेल्या गुन्ह्यासाठी सतरा वर्षं काढावी लागली. डीएनए पुराव्यावर जुलै २०२३ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. तोपर्यंत नियम असा होता की अशा माणसाच्या भरपाईतून तुरुंगातल्या राहण्याजेवणाचा वाचलेला खर्च वजा करता येतो. म्हणजे कोठडीचं भाडं. हा हिशेबही कोणा खलनायकाने काढलेला नव्हता. 'चूक घडली नसती तर माणूस जिथे असता' या तत्त्वातूनच तो सरळ निघतो: बाहेर असता तर जेवणाला खर्च झालाच असता ना! २००७ मध्ये तो देशातल्या सर्वोच्च पीठाने उचलून धरला होता. माल्किन्सन यांनी तो जाहीरपणे बोलून दाखवल्यावर लोकांना घास गिळवेना आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नियम रद्द झाला. अंतरिम पैसे हाती येईपर्यंत माल्किन्सन यांना २०२५ चा फेब्रुवारी पाहावा लागला. तोवर सरकारी भत्ता आणि दानाचं अन्न.

होरायझनची चौकशी करणारे निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो, असं त्यात आहे. शिफारशींपैकी एक वाचून मी थबकलो. सरकार इतकी वर्षं 'पूर्ण आणि न्याय्य भरपाई' देऊ म्हणत आलं, तर या शब्दांचा नेमका अर्थ काय ते आता जाहीर करावं, असं त्यांनी सुचवलं. कोट्यवधी पौंड वाटून झाल्यावर. दोन्ही बाजूंचे वकील त्याच चार शब्दांवर भांडत होते, आणि प्रत्येकाच्या फाइलीत त्यांचा अर्थ वेगळा होता.

दुसरी एक शिफारस जवळच्या कुटुंबीयांसाठी: त्यांनाही भरपाई मिळावी अशी सोय करा. त्यांची कुठली शिक्षा रद्द होणार नाही, कारण ती झालीच नव्हती. हिशेबाच्या वह्या नाहीत, बुडालेला पगार नाही. ज्याची आई त्याच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात गेली, त्या मुलाचं नुकसान कोणत्या सदरात लिहायचं आणि सोबत कोणता कागद जोडायचा, हे आता अधिकारी आणि वकील मिळून ठरवणार आहेत.